ओटीडी की मास्टर्स? एक एक्सेल शीट आणि डोंबिवलीचा फ्लॅट

आपल्या आयटीवाल्यांचं एक बरं असतं. बी.ई. झालं, कॅम्पसला उचललं, चार वर्षं कोड पाडला की डिग्री कुठल्या कॉलेजची हे आपल्याशिवाय कुणाच्याच लक्षात राहत नाही. शेजारच्या क्यूबिकलमधला फिजिक्सचा पीएचडी असतो, पलीकडचा बी.कॉम. करून जावा शिकलेला असतो, आणि दोघं एकाच बगवर एकमेकांशी भांडत असतात. कोड लिहायला लायसन्स लागत नाही. त्यामुळे 'कोणती डिग्री घेऊ?' हा प्रश्न आपल्याकडे फार तर पगार आणि व्हिसापुरता असतो.

हेल्थकेअरमध्ये तसं नाहीये. तिथे डिग्री, परीक्षा, लायसन्स ही एकापुढे एक दारं आहेत आणि एक उघडल्याशिवाय पुढचं उघडत नाही. हे मला कसं कळलं? तर माझी मावसबहीण ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मुंबईत बीओटीएच केलं, म्हणजे चार वर्षं कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप, आणि गेली दोन वर्षं ठाण्यात एका सेंटरमध्ये लहान मुलांबरोबर काम करतेय. तिला अमेरिकेत शिकायला यायचंय. हातात दोन अ‍ॅडमिशन होत्या: एक मास्टर्सची, दुसरी थेट डॉक्टरेटची, म्हणजे ओटीडी. डॉक्टरेटला एक वर्ष जास्त. काका मागच्याच वर्षी रिटायर झालेत आणि बँकेने मोठ्या कर्जाला तारण म्हणून डोंबिवलीचा फ्लॅट मागितला होता. घरात तेवढी एकच गोष्ट तारण ठेवण्यासारखी.

फोनवर ती म्हणाली, "दादा, तू एक्सेल शीट कर ना. तू असल्या गोष्टींत हुशार आहेस."

आता एवढं कौतुक झाल्यावर शनिवार-रविवार गेलाच! पण त्या निमित्ताने जे वाचलं, जे तिच्याकडून समजलं, ते इथे लिहून ठेवतो. तुमच्यापैकी कुणाची बहीण, बायको, वहिनी या वाटेवर असेल तर उपयोगी पडेल.

आधी ही भानगड काय ते सांगतो, कारण मलाही कॉलेजात असताना वाटायचं की ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे पेशंटला नोकरीबिकरी शोधून देत असतील. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं. पक्षाघात झालेल्या आजोबांना एका हाताने शर्टाची बटणं लावायला शिकवणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला चमचा धरता यावा म्हणून त्याची मूठ, मनगट आणि चमच्याची दांडी तिन्हींवर काम करणं, ऑटिझम असलेल्या मुलीला शाळेतल्या गोंगाटात बसता येईल असं काहीतरी घडवणं. फिजिओथेरपिस्ट खांदा हलवून देतो, आणि त्या हललेल्या खांद्याने केस विंचरता येतात की नाही हे ओटी बघते. अगदी ढोबळ आहे, पण माझ्यासारख्याला पुरतं.

गंमत म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे आणणारी बाई मूळची अमेरिकन होती. कमलाबाई निंबकर लग्न करून भारतात आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांनी देशातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. मला फलटणची शाळा माहीत होती, हे नातं माहीत नव्हतं. म्हणजे पंचाहत्तर वर्षांपूर्वी एक बाई हे शास्त्र अमेरिकेहून मुंबईला घेऊन आली आणि आता डोंबिवलीची मुलगी उलट दिशेने निघालीय. असो.

तर मुद्द्यावर येऊ. अमेरिकेत ओटी व्हायला किमान डिग्री कोणती?

पूर्वी बॅचलर्स चालायचं. मग ठरलं की २००७ पासून या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर शिक्षण हवं. पुढे २०१७ मध्ये ओटीचे कोर्स मान्य करणाऱ्या एकोट या संस्थेने आणखी एक पायरी चढवली: जुलै २०२७ पासून फक्त डॉक्टरेट चालेल. त्यावर बरीच आरडाओरड झाली, २०१८ मध्ये तो निर्णय थांबवला गेला आणि २०१९ मध्ये शेवटी ठरलं की मास्टर्स आणि डॉक्टरेट, दोन्ही दारं उघडी राहतील.

हे मुद्दाम सांगतोय, कारण इंटरनेटवर २०१७-१८ च्या काळातलं जुनं लिखाण अजून पडून आहे आणि अजूनही कुणीतरी कुणाला सांगत असतं, 'अगं, २०२७ नंतर मास्टर्सवाल्यांना कुणी विचारणार नाही.' माझ्या बहिणीलाही एका एजंटाने हेच सांगितलं होतं. असं काही नाहीये. फिजिओथेरपीत मात्र ते झालं. तिथे प्रवेशाची पदवीच आता डॉक्टरेट, म्हणजे डीपीटी आहे. ओटीने तो रस्ता अर्ध्यावर सोडला.

आता प्रश्न असा की दोन्ही दारांतून आत गेल्यावर खोली एकच आहे का?

जवळजवळ एकच आहे. दोघांनाही पूर्ण वेळाचं किमान २४ आठवड्यांचं फील्डवर्क करावं लागतं. दोघंही एनबीसीओटीची तीच परीक्षा देतात. राज्याचं लायसन्स तेच, आणि त्या लायसन्सवर पेशंटबरोबर जे करता येतं तेही तेच. मेडिकेअर थेरपीचे पैसे देताना थेरपिस्टकडे मास्टर्स आहे की डॉक्टरेट हे बघत नाही. आणि बिल तेच म्हटल्यावर हॉस्पिटलने डॉक्टरेटवाल्याला जास्त पगार द्यायचा तो कुठून? इथेच अर्धं उत्तर मिळतं. आपल्याकडे मॅनेजर 'बजेट नाही' म्हणतो तेव्हा आपण त्याला शिव्या घालतो, पण इथे खरंच ते बजेट कुठूनही येत नाही.

मग ओटीडीत जास्तीचं काय मिळतं? मुख्य म्हणजे १४ आठवड्यांचा कॅपस्टोन. एखादा विषय घ्यायचा, म्हणजे संशोधन, नवा उपक्रम उभा करणं, व्यवस्थापन, धोरण, शिकवणं यांतलं काहीतरी, आणि त्यात खोल उतरायचं. वाईट अजिबात नाही. ज्याला पुढे कॉलेजात शिकवायचंय, विभाग चालवायचाय, त्याच्यासाठी ते सोनं आहे. शिवाय काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ओटींना शिक्षकांच्याच पगाराच्या तक्त्यावर ठेवतात, आणि त्या तक्त्यात डिग्री वाढली की रकाना बदलतो. तिथे डॉक्टरेटचे थोडे पैसे खरोखर मिळतात. पण हे त्या त्या डिस्ट्रिक्टचा तक्ता उघडून बघायचं, कुणाच्या तोंडी ऐकून ठरवायचं नाही.

आता एक्सेल शीट. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. जास्तीच्या वर्षाची फी आणि राहणं-खाणं मिळून ४५,००० डॉलर धरले. डॉलरला ८८ रुपये धरले तर साधारण ४० लाख. पण खर्च एवढाच नाही. ते वर्ष ती नोकरी करत असती. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांप्रमाणे ओटींचा मध्यम पगार वर्षाला ९८,३४० डॉलर होता. नव्या माणसाला एवढा मिळणार नाही म्हणून मी ७५,००० धरला, टॅक्स वजा जाता ५८,०००. दोन्ही मिळून एका वर्षाची किंमत झाली १,०३,००० डॉलर. कर्जावरचं व्याज अजून यात धरलेलंच नाही.

हे दहा वर्षांत वसूल करायचं तर ओटीडीने दरवर्षी, टॅक्स कापून, दहा हजार डॉलर जास्त मिळवून द्यायला हवेत. आणि वरच्या परिच्छेदात पाहिलं तसं, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ते देणारं कुणी दिसत नाही.

यावर बहीण म्हणाली, "म्हणजे संपलंच की."

संपलं नव्हतं. कारण खर्चाच्या रकान्याखाली व्हिसाचा रकाना होता, आणि हा आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय!

आपण एम.एस. करतो तेव्हा ओपीटीचे १२ महिने आणि वर स्टेमचे २४ मिळतात. तीन वर्षं, म्हणजे एच-वनच्या लॉटरीत तीनेकदा नाव घालायची सोय. ऑक्युपेशनल थेरपी स्टेमच्या यादीत नाही. बारा महिने, बस. त्यातही आपल्यासारखं पहिल्या दिवसापासून कामाला लागता येत नाही. परीक्षा पास व्हायची, राज्याचं लायसन्स हातात यायचं, मग नोकरी सुरू. आणि ओपीटीवर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणजे कोर्स कधी संपतो, परीक्षेची पात्रता कधी मिळते, ओपीटीची तारीख कोणती टाकायची, हे सगळं रिलीज प्लॅनसारखं मागून पुढे आखावं लागतं.

ग्रीन कार्डाचंही तसंच. फिजिओथेरपिस्ट आणि नर्स 'शेड्यूल ए' मध्ये येतात, त्यांना पर्मच्या जाहिराती वगैरे लागत नाहीत. ओटी त्यात नाही. त्यांना आपल्यासारखंच पर्म. आणि ईबी-२ ला मास्टर्स पुरतं, ओटीडी केलं म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग एक इंचही पुढे सरकत नाही. ती रांग किती लांब आहे ते इथे सांगायची गरज नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ओपीटीचे १२ महिने प्रत्येक वरच्या पातळीच्या डिग्रीला नव्याने मिळतात. म्हणजे आधी मास्टर्स, मग पुढे लागलंच तर डॉक्टरेट, असं केलं तर दुसऱ्यांदा बारा महिने मिळू शकतात. आधीच डॉक्टरेट केली तर वर चढायला पायरीच उरत नाही. हे मला शीट बनवताना सुचलं आणि सगळ्या हिशोबात तिला तेच सगळ्यात आवडलं.

शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरची घोषणा झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर काय हलकल्लोळ झाला होता ते आठवतंय ना? ऑक्टोबरात खुलासा आला की इथे राहूनच एफ-वनवरून एच-वनवर जाणाऱ्यांना ती लागू नाही. पण त्या एका महिन्यात मावशीकडे जेवण गोड लागत नव्हतं. सांगायचा मुद्दा, नियम बदलतात, आणि तेव्हा डोक्यावर जितकं कर्ज कमी तितका माणूस मोकळा असतो. परत जायची वेळ आली तर ३० लाखांचं कर्ज घेऊन ठाण्याच्या पगारावर जगणं कठीण आहे, ७० लाखांचं अशक्य आहे. आणि त्या कर्जाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट आहे.

आता एक सापळा, जो आम्हाला जवळजवळ शेवटी कळला. 'ओटीडी' ही तीन अक्षरं दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक एंट्री-लेव्हल, म्हणजे जो अजून ओटी नाही त्याला ओटी बनवणारी. दुसरी पोस्ट-प्रोफेशनल, म्हणजे जो आधीच ओटी आहे त्याच्यासाठी. मास्टर्सचंही तसंच. एकोट मान्यता देते ती फक्त एंट्री-लेव्हल कोर्सना. त्यामुळे पोस्ट-प्रोफेशनल कोर्सला ही मान्यता नसणं यात गैर काही नाही, पण तो कोर्स करून परीक्षेला आपोआप बसता येतं असंही नाही. परदेशात शिकलेल्यांना आधी एनबीसीओटीच्या ओटेड नावाच्या पात्रता तपासणीतून जावं लागतं. मूळ शिक्षण, फील्डवर्कचे तास, सगळं तिथे अमेरिकेतल्या पदवीशी ताडून बघतात, आणि इथली पातळी पदव्युत्तर असल्यामुळे नुसत्या बीओटीएचवर भागत नाही.

म्हणून माझा सल्ला: विद्यापीठाला ईमेल करून तीन प्रश्न विचारा. हा कोर्स एंट्री-लेव्हल आहे की पोस्ट-प्रोफेशनल? माझ्यासारखं बीओटीएच करून आलेले गेल्या काही वर्षांतले विद्यार्थी ओटेडमधून पात्र ठरले का? आणि कोर्स संपल्यापासून लायसन्स मिळेपर्यंत त्यांना किती महिने लागले? आम्ही विचारले. मास्टर्सवाल्यांनी दोन दिवसांत सविस्तर उत्तर दिलं, आकड्यांसकट. ओटीडीवाल्यांनी ब्रोशरची पीडीएफ पाठवली. ब्रोशरवर हसणाऱ्या मुलींचे फोटो छान होते :)

जे इथेच वाढलेत, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले आहेत, त्यांच्यासाठी हिशोब थोडा वेगळा. त्यांना सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं. पण २०२५ च्या कायद्याने ते आवळलंय: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद, साध्या पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलरची मर्यादा, आणि 'प्रोफेशनल' गणल्या जाणाऱ्या कोर्सला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीने 'प्रोफेशनल' ची जी व्याख्या मान्य केली तीत वैद्यक, कायदा, दंतवैद्यक, फार्मसी वगैरे होतं. ऑक्युपेशनल थेरपी नव्हती, डॉक्टरेट असो की मास्टर्स. म्हणजे नावात डॉक्टर आहे, पण कर्जाच्या दृष्टीने नाही. तिथेही तिसऱ्या वर्षाचे पैसे कुठून आणणार हा प्रश्न उरतोच.

आणि आता नावातल्या त्या 'डॉक्टर' विषयी. खरा अडसर तिथेच होता. एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

मावशीला ओटीडी हवी होती. तिचं म्हणणं साधं होतं: "बारावीला दोन मार्कांनी एमबीबीएस हुकलं तिचं. आता नावापुढे डॉक्टर लागतंय तर लागू दे की. आम्ही काय फ्लॅट वर घेऊन जाणार आहोत?"

हे ऐकल्यावर काय बोलणार? तुम्ही हसाल, पण मला हसू आलं नाही. आपल्याकडे बारावीच्या त्या दोन मार्कांचा हिशोब माणूस तिशीपर्यंत चुकता करत राहतो. मी स्वतः मेकॅनिकल घेऊन सॉफ्टवेअरमध्ये आलोय, मला कळतं ते. आणि मावशीने आयुष्यभर लोकांना 'मुलगी काय करते?' या प्रश्नाचं उत्तर देताना ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय हे समजावून सांगितलंय. एका शब्दात उत्तर मिळावं असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

काका एवढा वेळ गप्प होते. त्यांनी फक्त मुलीला विचारलं, "तुला तिकडे जाऊन नक्की काय करायचंय?"

ती म्हणाली, "बाबा, मला लहान मुलांच्या हातांवर काम करायचंय. मला वर्गात शिकवायचं नाही आणि डिपार्टमेंटही चालवायचं नाही. आत्ता तरी नाही. इथे माझ्याकडे एक मुलगा येतो, सहा वर्षांचा. आठ महिन्यांनी त्याने परवा स्वतःच्या हाताने डब्याचं झाकण उघडलं. मला हेच अजून नीट शिकायचंय. त्यासाठी जे लागेल तेवढंच."

स्पीकरफोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही. मी शीट बंद केली.

मग मावशीने विचारलं, "मग डॉक्टर नंतर होता येतं का?" मी म्हटलं, येतं. पोस्ट-प्रोफेशनल ओटीडी नोकरी करता करता, ऑनलाइन, पार्ट टाइम करणारे पुष्कळ आहेत. तेव्हा तिला कळलेलं असेल की आपल्याला कशात खोल जायचंय, आणि फीचे पैसे तिच्या पगारातून जातील, काकांच्या फ्लॅटमधून नाही. मावशी म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं' चे सतरा अर्थ असतात, पण त्या दिवशीचं खरं होतं असं मला वाटलं.

तर थोडक्यात माझं मत. पेशंटबरोबर काम करायचं असेल तर मास्टर्स पुरेसं आहे आणि स्वस्त आहे. शिकवायचं, नेतृत्व करायचं असं आधीच पक्कं असेल, किंवा फी माफी मिळत असेल, किंवा दोन्ही कोर्सच्या लांबीत आणि खर्चात चार-सहा महिन्यांचाच फरक असेल, तर ओटीडी जरूर करा. संशोधनच करायचं असेल तर मग पीएचडीचा विचार करा, ती वेगळी वाट आहे आणि तिथे विद्यापीठाकडून पैसे मिळण्याची शक्यता तरी असते. आणि कुणी घाबरवून 'आता डॉक्टरेटच लागते' म्हणालं तर त्याला २०१९ सालचा निर्णय दाखवा.

तिने मास्टर्स घेतलंय. कर्ज इतकं कमी झालं की बँक काकांच्या फिक्स्ड डिपॉझिटवर राजी झाली. फ्लॅटची कागदपत्रं मावशीच्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या खणात, जिथे होती तिथेच आहेत. पोरीला ऑगस्टमध्ये एअरपोर्टवर घ्यायला जायचंय. कुकर, पोळपाट-लाटणं आणि भाजणीचं पीठ यांची यादी मी आधीच पाठवलीय. त्या यादीत मात्र माझा थोडा स्वार्थ आहे.